वर्गातली वलणी

घसा बसलेल्या शिक्षिकेला कुठे ठेवायचं, हा शाळेपुढे प्रश्नच असतो. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तो छान सोडवला. त्यांनी मला प्रशिक्षणाला पाठवलं.

"तिथे तुम्हाला बोलायचं नाहीये, नुसतं ऐकायचंय," त्या म्हणाल्या. "आणि तेवढ्यात त्या दुसऱ्या गोष्टीचा विचारही करा. सोमवारी मला सांगा काय ते."

ती दुसरी गोष्ट म्हणजे लायब्ररी. घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं होतं आणि स्वरतंतूंवर गाठी आल्यात असं सांगितलं होतं. वर्गात असंच ओरडत राहिलात तर पुढे आवाजाची खात्री नाही, एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. आमची शाळा नायगावात. शेजारी जुन्या चाळी पाडून नव्या टॉवरचे खांब ठोकणं चालू आहे, दिवसभर. त्या ठोकण्याच्या वर, पंख्याच्या घरघरीच्या वर, पोरांच्या गलक्याच्या वर आवाज चढवत मी इतकी वर्षं काढली. आता मुख्याध्यापिकाबाई म्हणत होत्या, वर्ग सोडा, लायब्ररीत बसा, पुस्तकांना नंबर घाला. बाई मनाने चांगल्या आहेत. फक्त शुद्धलेखनाचं वेड. नोटीसबोर्डावर कुणी 'सुचना' लिहिली तर येता-जाता लाल पेनाने 'सू' करून जातात. खरं सांगायचं तर लायब्ररीचं नाव ऐकून मला वाईट वाटलंच नाही. मला नुसतं टेकावंसं वाटलं.

प्रशिक्षणाचा पत्ता लालबागचा होता. वाचताना काही लक्षात आलं नाही, कारण त्यात शाळेचं नाव नव्हतं. गल्लीत वळले, मसाल्याचा ठसका बसला, आणि समोर माझीच शाळा उभी होती. म्हणजे इमारत. शाळा केव्हाच बंद झाली. आता तिथे कधी मतदान असतं, कधी लसीकरण, कधी आमच्यासारख्यांचं प्रशिक्षण. जिन्याच्या कठड्याचं लाकूड मात्र तसंच होतं, हातांनी गुळगुळीत झालेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत आम्हाला बसवलं. तो माझा चौथीचा वर्ग.

लालबागला राहिलेल्या माणसाला उन्हाळा आधी नाकाने कळतो. माघ सरला की आमच्या गल्लीत डंक सुरू व्हायचे. लोखंडी मुसळं उखळात पडायची, धप्प, धप्प, धप्प, आणि त्या ठेक्यावर सबंध गल्ली हलायची. बायका डब्यांतून बेडगी, धणे, दगडफूल, नाकेशर घेऊन रांगेला बसायच्या. भाजलेल्या मिरचीचा वास आमच्या वर्गाच्या खिडकीतून आत यायचा आणि पाढे म्हणता म्हणता एक जण शिंकला की सगळे शिंकायचे. परीक्षेचे पेपरसुद्धा लालसर व्हायचे. मला अजूनही वार्षिक परीक्षा म्हटलं की गोडा मसाला आठवतो, याला इलाज नाही.

त्या खिडकीशी आमच्या बाई बसायच्या. त्यांचं नाव होतं, पण आम्ही नुसतं बाई म्हणत असू, त्यामुळे इथेही बाईच. अंगाने बारीक, फिकट सुती साडी, आणि गालात कायम काहीतरी. गोडसर, लाकडासारखा वास यायचा त्याचा. फळ्याकडे जाताना त्या आपल्या बाकाजवळून गेल्या की तो वास मागे राहायचा. बाई चोरून चॉकलेट खातात, असा आमचा पक्का समज होता. पुढे कुणीतरी छडा लावला, ते ज्येष्ठमध होतं. आम्ही निराश झालो.

बाई बोलायच्या फार कमी. प्रश्न विचारायच्या आणि गप्प. खिडकीबाहेर बघत, गालातली काडी एका बाजूची दुसऱ्या बाजूला करत. ती शांतता इतकी लांबायची की शेवटी आमच्यातलंच कुणीतरी कंटाळून उत्तर द्यायचं. चुकलं तर बाई मान हलवायच्या नाहीत की डोलवायच्या नाहीत, दुसऱ्याकडे बघायच्या. मग दुसरा बोलायचा. मग पहिला त्याच्याशी भांडायचा. बाई बसलेल्या. डंकाच्या दिवसांत तर सकाळभर त्यांचा आवाज ऐकू यायचा नाही, आणि आमचा सगळ्या शाळेला जायचा.

अर्थात तक्रार गेली. शेजारच्या वर्गाचे गुरुजी कडक होते. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी, आणि पडली तर टाचणीलाही छडी बसावी. हेडसरांनी आमच्या मंगेशला व्हरांड्यात धरलं आणि निरोप दिला. मंगेशच्या घरी सगळं मालवणीत चालायचं. शाळेत येताना जिना चढता चढता तो भाषा बदलायचा, पण वरच्या पायरीपर्यंत ती पुरती बदललेली नसायची. तो आत आला, हाताची घडी घातली आणि म्हणाला, "बाई, सरांनी सांगितलंय, वर्गात वलणी लावा."

सर म्हणाले होते, वर्गाला वळण लावा.

वर्ग हसून लोळला. वलणी म्हणजे खोलीत कपडे वाळत घालायची दोरी, तिच्याखालून वाकून जातच आम्ही सगळे मोठे झालेलो. मंगेशचे कान लाल झाले. बाईही हसल्या, पण त्यांचं हसणं आवाजाविना असायचं, नुसते खांदे हलायचे. मग म्हणाल्या, "लावू या की. सरांची आज्ञा आहे."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच सुतळी आणि कपड्यांचे लाकडी चिमटे घेऊन आल्या. शिपायाकडून भिंतीत दोन हूक मारून घेतले आणि वर्गात या टोकापासून त्या टोकापर्यंत वलणी बांधली. मंगेशला टेबलावर चढवून गाठ त्याच्याकडूनच मारून घेतली. तेवढ्याने त्याचे कान पुन्हा जागेवर आले.

त्या वलणीवर शब्द वाळत पडायचे. मधल्या सुट्टीनंतर बाई पिशवीतून एखादी वस्तू काढायच्या, किंवा फळ्यावर चित्र काढायच्या, आणि बसायच्या. घरी याला जे म्हणतात ते आपण जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं आणि चिमट्याने लावायचं. विळी काढली तर मंगेश 'आडाळो' लावायचा आणि फिलोमिना 'मोरली'. फिलोमिना परळ गावातली, चर्चच्या मागे घर, आई इस्पितळात नर्स. आमच्या वर्गात एकटी तीच रविवारी फ्रॉक घालून बाहेर पडायची. मागच्या बाकावर एक तेलुगू मुलगी होती, घाटावरून आलेले दोघे-तिघे होते. पुस्तकातला शब्दही असायचा, पण तो बाई सगळ्यात शेवटी लावायच्या, बाकीच्यांच्या ओळीत, तेवढाच. कुणाचं चूक, कुणाचं बरोबर, हा विषय त्या वलणीवर नव्हता. खिडकीतून वारा आला की सगळे शब्द एकदम हलायचे, आणि पत्रिकांच्या मागच्या बाजूचे सोनेरी गणपती चमकायचे.

एकदा त्यांनी केरसुणी आणली.

मंगेशने 'वाडवण' लावलं. सातारकडच्या एकाने 'साळुता'. तेलुगू मुलीने हळूच 'चीपुरु'. मग सगळ्यांच्या माना वळल्या कमलकडे. तिची आई आमचाच रस्ता झाडायची, पहाटे, आम्ही उठायच्या आधी. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाई काही म्हणाल्या नाहीत. त्या नेहमीसारख्या थांबल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. अशा वेळी मोठ्या माणसाने काहीतरी बोलावं, विषय बदलावा, असं वाटलं होतं. बाहेर डंक पडत होता, आणि कमल बाकाच्या कडेला नखाने खरवडत होती.

मग ती उभी राहिली. "आमच्या घरी ड्युटी म्हणतात," ती म्हणाली. "आई सांगते ना, ती दाराआडची ड्युटी दे जरा."

आता कुणी हसलं नाही. बाईंनी पत्रिकेचा तुकडा तिच्यापुढे धरला आणि त्या घोगऱ्या आवाजात एवढंच विचारलं, "कसं लिहायचं गं? मला ठाऊक नाही."

कमलने लिहिलं, 'डूटी'. बाईंनी ते आहे तसं घेतलं, आणि वाडवण व साळुता थोडे सरकवून मधे लावलं. कमल जागेवर जाऊन बसली. त्या दिवसापासून आमच्या वर्गात झाडायची पाळी आली की मुलं म्हणायची, आज डूटी कुणाची?

हे सगळं फार दिवस टिकलं नाही. त्याच वर्षी गिरण्यांचा संप झाला, भोंगे वाजेनासे झाले. हजेरीत नाव पुकारलं की उत्तर येईना, असं एकेकाचं होत गेलं. मंगेशचं कुटुंब गावी गेलं. तो गेला तेव्हा त्याचं वाडवण वलणीवरच होतं, आणि ते कुणी काढलं नाही. उन्हाने त्याची शाई उडत गेली. चिमटे सैल झाले. आम्ही वरच्या वर्गात, मग दुसऱ्या इमारतीत, मग आपापल्या वाटेने. बाईंना मी शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही. अशा गोष्टी शेवटच्या आहेत हे त्या वेळी कुणी सांगत नाही.

भिंतीतले हूक अजून आहेत. रंगाचे थरावर थर बसून ते भिंतीवर आलेल्या चामखिळीसारखे दिसतात. प्रशिक्षणाचे सर पडद्यावर काहीतरी दाखवत होते आणि मी हुकांकडे बघत होते.

सर तरुण होते, उत्साही होते, आणि माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचे होते. विषय होता वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना अध्ययनात गुंतवून ठेवण्याच्या परिणामकारक पद्धती. एवढं वाचूनच निम्मे शिक्षक दमले. "प्रश्न विचारल्यानंतर थांबा," सर म्हणाले, "आपण शिक्षक थांबतच नाही. मुलाच्या घरच्या भाषेला वर्गात जागा द्या. बोलण्याचं काम विद्यार्थ्याकडे जाऊ द्या." सगळं खरं होतं. माझ्या पुढच्या गुरुजींनी जांभई दिली आणि वहीत 'थांबा' असं लिहून घेतलं.

"मॅडम, तुम्ही सांगा ना, तुमच्या वर्गातला एखादा अनुभव," सरांनी मलाच गाठलं. मी गळ्याकडे बोट दाखवलं.

"तिचा घसा गेलाय, सर," मागून एक बाई ठसक्यात म्हणाल्या. "तिला नका विचारू. मला विचारा, मी तिच्या वाटणीचं पण बोलते."

मी वळून पाहिलं. पिकलेले बॉब केलेले केस, गळ्यात बारीक क्रॉस. हसली आणि पुढच्या दातांतली ती जुनी फट दिसली. फिलोमिना.

मधल्या सुट्टीत आम्ही खिडकीशी उभ्या राहिलो. खाली डंक चालूच होते. आता विजेवर चालतात, पण ठेका तोच. ती गिरगावातल्या एका शाळेत शिकवते, पुढच्या वर्षी रिटायर होऊन सुटेल. ती बोलत होती आणि मी मान डोलवत होते.

"हूक बघितलेस ना? मी आल्या आल्या तेच बघितले," ती म्हणाली. "आणि तुझा घसा काय गो, बाईंसारखाच झाला?"

मी भुवया उंचावल्या.

"म्हणजे तुला माहीतच नाही? अगं, बाईंचा आवाजच गेलेला. माझी मम्मी होती ना घशाच्या ओपीडीत. बाई तिथे यायच्या, डोक्यावरून पदर घेऊन, कुणी वळखू नये म्हणून. डॉक्टर बोललेला त्यांना, टीचरचा जॉब सोडा, घरी बसा. मिरचीच्या दिवसांत तर साफ बंद व्हायचा आवाज. मम्मीला प्रॉमिस घातलेलं, पोरीला सांगू नको. बाई गेल्यावर मग मम्मी मला बोलली."

मी तिच्या हातावर हात ठेवला. पुढे सांग, अशा अर्थाने.

"पुढे काय? मम्मीने विचारलं त्यांना, मग आता कसं करणार तुम्ही. तर म्हणे, मला बोलता येत नाही तर पोरं बोलतील. वर्गात तोंडं काय कमी आहेत?"

ती हसली. मला हसू आलं नाही. मी त्या खिडकीत उभी होते जिथे बाई बसायच्या, आणि मिरचीचा खकाणा माझ्याही घशाला लागत होता. आम्हाला वाटायचं बाई विचार करतायत. आम्हाला वाटायचं ही त्यांची शिकवायची तऱ्हा आहे. तऱ्हा होतीच ती. पण कमलपुढे त्या गप्प थांबल्या तेव्हा, त्यांना बोलायचं नव्हतं की बोलता येत नव्हतं, हे आता कुणाला विचारू? ते ज्येष्ठमध, ते आवाजाविना हलणारे खांदे. त्या दमलेल्या होत्या. रोज सकाळी दमलेल्याच जिना चढत असतील, आणि आम्ही त्यांच्या गालात चॉकलेट शोधत होतो. मला फार उशिरा त्यांच्याविषयी माया दाटून आली, तीही डोळ्यांत पाणी आणणारी, आणि फिलोमिनाला वाटलं मिरची लागली.

"पाणी पी," ती म्हणाली.

दुपारी सरांनी आम्हाला रंगीत चिकटचिठ्ठ्या दिल्या आणि शिकवताना येणाऱ्या अडचणी लिहून भिंतीवर लावायला सांगितल्या. भिंतीच्या ओलीने त्या एकेक करून गळून पडल्या. फिलोमिना कुजबुजली, "चिमटे पाहिजे होते." जाताना हिंदमात्याच्या सिग्नलपर्यंत आम्ही बरोबर चाललो. तिने विचारलं, मग काय करणार आहेस. मी खांदे उडवले.

मोठं काही ठरवायला अंगात जोर लागतो, आणि रविवारी माझ्या अंगात धुणं वाळत घालण्याइतकाच होता. तेच करत होते. गॅलरीत ओळीने चिमटे लावता लावता हात थांबला. उरलेले चिमटे मी एका पिशवीत टाकले आणि पिशवी पर्सशेजारी ठेवली. बस, एवढंच.

सोमवारी वर्गात गेले. आमच्या भिंतींना खिळा मारायची परवानगी नाही, म्हणून सुतळीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं कपाटाच्या कडीला. मुलं बघत राहिली. "मिस, आज फंक्शन आहे?" मी घशाकडे बोट दाखवलं आणि ओठांवर ठेवलं. मग कोपऱ्यातला झाडू उचलून टेबलावर ठेवला. एका कार्डावर एक शब्द लिहून पहिल्या चिमट्याला लावला. जसा कमलने लिहिला होता तसाच. आणि खुर्चीवर बसले.

थांबणं किती अवघड असतं ते आमच्या प्रशिक्षणाच्या सरांना अजून कळायचंय. बाहेर खांब ठोकत होते. मुलं एकमेकांकडे बघत होती, माझ्याकडे बघत होती, पुढचा मुलगा खोडरबर दातात धरून बसला होता. मी येताना घेतलेली ज्येष्ठमधाची काडी एका गालातून दुसऱ्या गालात केली. मला वाटलं आता उठावं, ओरडावं, एकदाचं सांगून टाकावं काय करायचं ते.

"मिस, हे तर झाडू आहे," शेवटी एक जण म्हणाला.

"आमच्याकडे सावरणी."

"मेरी दादी बढ़नी बोलती है."

मी कार्डं पुढे सरकवली. खुर्च्या सरकल्या, चिमट्यांवरून भांडण झालं, कपाटाचं दार वाजलं. समोरच्या इमारतीच्या वॉचमनची मुलगी, नेपाळची, जून महिन्यापासून खिडकीशी मुकाट बसलेली. तिने आपलं कार्ड माझ्याकडे आणलं. 'कुचो' लिहिलं होतं. मग ती वर्गाकडे तोंड करून तोच शब्द मोठ्याने म्हणाली, आणि मग अजून मोठ्याने, कारण बाहेर ठोकत होते. तिचा आवाज चांगला खणखणीत निघाला. वर्षभर या खोलीत माझाच चालला होता.

गलका ऐकून मुख्याध्यापिकाबाई दारात आल्या. मुलं चपापून बसली. त्यांनी वर्गभर बांधलेली सुतळी बघितली, टेबलावरचा झाडू बघितला, मग माझ्याकडे बघून हलक्या आवाजात विचारलं, "काय ठरलं मग? लायब्ररीचं?"

मी पहिल्या कार्डाकडे बोट दाखवलं.

त्यांनी चष्मा सावरून वाचलं, 'डूटी'. त्यांचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. मग तिथेच थांबला. बाहेरचं ठोकणं आत येऊ नये म्हणून त्यांनी जाताना दार हळूच ओढून घेतलं.